‘कोको’ घरच्यांसोबत बघावा का? पुण्यातल्या पालकांचे आणि आजी-आजोबांचे नेहमीचे प्रश्न

कोथरूडमध्ये आमचा मुलांचा वाचन-गट आहे. सुट्टीत पुस्तकांना फाटा देऊन कुणाच्या तरी हॉलमध्ये सिनेमा बघायचा आणि मग पोह्यांच्या बशा हातात घेऊन त्यावर तावातावानं भांडायचं, असा शिरस्ता. सगळ्यात जास्त भांडणं ‘कोको’वर झाली, आणि तीही मोठ्यांची. नवे पालक आले की व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. जिथं कथेतलं गुपित फुटतं तिथं आधी सांगितलं आहे. मतं माझी आणि आमच्या हॉलमधल्या मंडळींची.

गुपित न फोडता सांगा, आहे काय हा सिनेमा?

पिक्सारचा २०१७ चा ॲनिमेशनपट. दिग्दर्शक ली अंक्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. लांबी पावणेदोन तास. मेक्सिकोतल्या एका काल्पनिक गावात मिगेल नावाचा बारा वर्षांचा मुलगा राहतो. घराण्याचा धंदा बूट-चपला बनवायचा. खापरपणजोबा गाण्यापायी घर सोडून गेले ते परतलेच नाहीत, म्हणून या घरात गाण्याचं नाव काढायची सोय नाही. मिगेलला नेमकं गाण्याचंच वेड. मृतांच्या सणाच्या रात्री तो एका दिवंगत गायकाच्या समाधीतली गिटार उचलतो आणि जिवंतपणीच मृतांच्या जगात जाऊन पोचतो. परत यायचं तर सूर्य उगवायच्या आत घरातल्या पूर्वजाचा आशीर्वाद हवा. खापरपणजी आशीर्वाद द्यायला तयार आहे, पण अट एकच: पुन्हा गायचं नाही.

कोको म्हणजे तो मुलगा ना?

नाही. कोको ही मिगेलची पणजी. चाकाच्या खुर्चीत बसलेली, दोन वेण्या घातलेली, बरंचसं विसरून गेलेली. सिनेमाला तिचं नाव का दिलंय ते शेवटी कळतं.

सांगाडेच सांगाडे आहेत म्हणे. मूल घाबरणार नाही? कितव्या वर्षापासून दाखवावा?

सांगाड्यांना मुलं घाबरत नाहीत, हा आमचा पक्का अनुभव. कवट्यांना डोळे आहेत, भुवया आहेत, ओठांच्या जागी हालणारी कड आहे, डोक्यावर टोप्या आणि फुलं आहेत. हेक्टर नावाचं एक पात्र स्वतःची हाडं सुटी करतं आणि पुन्हा जोडतं, तेव्हा पाच-सहा वर्षांची मुलं खो-खो हसतात. मिगेलचं एकेक बोट हळूहळू हाडाचं होत जातं, ते तर त्यांना जादूसारखं वाटतं.

खरी भीती वेगळ्या जागी आहे. एक म्हातारा सांगाडा झोळीत पडून गाणं ऐकतो आणि ऐकता ऐकता सोनेरी धूळ होऊन विरून जातो. जिवंतांपैकी कुणालाच तो आठवत नाही, म्हणून. तिथं रक्त नाही, किंकाळी नाही, पण सात-आठ वर्षांची मुलं तिथंच गप्प होतात आणि रात्री झोपताना विचारतात, ‘मग तो कुठं गेला?’ पुढं एका खोल विवरात फेकून देण्याचा प्रसंग आहे आणि विषप्रयोगही आहे. माझं मत सांगते: सहा वर्षांच्या पुढं निर्धास्त दाखवा, पण शेजारी बसून. टीव्ही लावून स्वयंपाकघरात निघून जायचं असेल तर हा सिनेमा नको.

आमच्या सासूबाई म्हणतात, मेल्याबिल्याचं अभद्र मुलांपुढं कशाला?

त्यांना सोबत बसवा. हट्टानं बसवा.

आमच्याकडे एक आजी अशाच कुरकुरत बसल्या होत्या. पडद्यावर मिगेलच्या घरातली फोटोंची उतरंड आली, पुढं ताटं, फळं, मेणबत्त्या, आणि दारापासून थेट आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आजी म्हणाल्या, ‘अगं, हे तर पानच वाढलंय की!’ तिथून पुढं कावळा कुठं दिसतो का, हे त्या शोधत होत्या.

साम्य खरंच थक्क करणारं आहे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा, म्हणून त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडायचे. आपल्याकडे भाद्रपदाच्या वद्य पक्षात खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि पान वाढून गच्चीत कावळ्याची वाट बघत उभं राहायचं. गेलेल्या माणसाला कारलं आवडायचं म्हणून कारलं करायचं, हे दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो सुराचा. पितृपंधरवड्यात आपण लग्न ठरवत नाही, नवी खरेदी करत नाही, आवाज खाली ठेवतो. तिकडे मात्र स्मशानात वाजंत्री, हसणं, रात्रभर जागरण. युनेस्कोनं २००८ मध्ये या सणाला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं.

आणि झेंडू? दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुलटेकडीच्या फूलबाजारात ज्याचे केशरी-पिवळे डोंगर लागतात, ज्याचं तोरण लावल्याशिवाय आपला दसरा होत नाही, त्या झेंडूचं माहेर मेक्सिकोच. तिथं तो पितरांना वाट दाखवतो, इथं लक्ष्मीला. हे सांगितल्यावर आमच्या गटातले एक आजोबा सिनेमा सोडून झेंडूवरच बोलत सुटले, त्यांना आवरावं लागलं.

मुलं मजेत बघतात आणि मोठेच रडतात, हे खरं का?

खरं. रुमाल ठेवा.

यात विनोदाचा भाग सोडला तरी एक गोष्ट दिसते. या सिनेमाबद्दलचं मत माणूस घरात कुठल्या जागी उभा आहे त्यावर ठरतं. दहा वर्षांच्या मुलांना तो ‘अन्यायाविरुद्ध गिटार’ असा दिसतो. चाळिशीतल्यांना तो आईवडिलांबद्दलचा वाटतो. सत्तरीच्या पुढची मंडळी शेवट झाल्यावर जरा वेळ काहीच बोलत नाहीत, मग एकदम चहाचं विचारतात. म्हणून नेटवर कुणी ‘साधारण आहे’ लिहिलं किंवा कुणी ‘आयुष्यातला सर्वोत्तम’ लिहिलं, तरी लिहिणारा आजोबा आहे की नातू, हे कळल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतात, चोरी करून पळणाऱ्या मुलाला डोक्यावर घेतलंय. यातून मुलं काय शिकणार?

हा आक्षेप पुण्यात हमखास येतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. मिगेल खोटं बोलतो, समाधीतली वस्तू उचलतो, आजीच्या शब्दाबाहेर जातो. शेवटी माघार घेतं ते घर. एका आजोबांनी सरळ विचारलं, ‘म्हणजे माफी आम्हीच मागायची?’

पण सिनेमा नीट बघितला तर तो ‘स्वप्नाच्या मागे धाव’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. उलट ‘संधी आली की झडप घाल’ हे तत्त्वज्ञान ज्याच्या तोंडी दिलंय तोच माणूस शेवटी सगळ्यात पोकळ निघतो. आणि खापरपणजी इमेल्डा! आमच्या हॉलमधल्या बायका एकजात तिच्या बाजूच्या. नवरा गाण्यासाठी निघून गेला, पदरात लहान मुलगी, हिनं रडत न बसता बूट शिवायला शिकून घर उभं केलं. तिनं गाण्यावर राग धरला तर तिचं काय चुकलं? पुरुष मंडळींना हे इतक्या सहज दिसत नव्हतं, हे इथं नमूद करून ठेवते.

बाकी गाण्यावर बंदी हे आपल्याला मेक्सिकोचं वाटायला नको. आपल्याकडे बंदी कुणी घालत नाही. मुलाला तबल्याला घालतात, गांधर्वच्या परीक्षा देतात, प्रवेशिका पूर्ण झाल्यावर पेढे वाटतात, आणि नववीचा क्लास सुरू झाला की तबला आपोआप माळ्यावर जातो. सिनेमात आजी निदान गिटार सगळ्यांसमोर आपटून फोडते. ‘दहावीनंतर बघू’ असं गोड बोलून काढून घेणं मुलांना जास्त लागतं, हे आमच्याकडच्या तेरा-चौदा वर्षांच्यांनी पोहे खाता खाता सांगितलं. तेव्हा दोन-तीन पालक बशीत बघत होते.

घरात विसरणारं माणूस आहे. आम्ही बघावा का?

(इथं शेवट फुटतो. सिनेमा बघितला नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.)

बघा, पण आधी एकट्यानं बघून घ्या.

कोको पणजीला स्वतःची मुलगी ओळखू येत नाही. सुरुवातीला ती तिला ‘तू कोण’ असं विचारते आणि मुलगी, म्हणजे मिगेलची दांडगी आजी, एक क्षण कोसळते आणि लगेच सावरून ‘आराम कर’ म्हणते. ज्यांच्या घरी हे रोज घडतं त्यांना ते दोन सेकंद पुरे होतात. शेवटी मिगेल पणजीला तिच्या वडिलांचं गाणं म्हणून दाखवतो. आधी तिचं एक बोट हालतं, सुरकुत्यांमधले डोळे उघडतात, मग पुटपुटत ती सोबत गाऊ लागते. मग मुलीला ओळखते, आणि खणात जपून ठेवलेली वडिलांची पत्रं आणि फोटोचा फाटका तुकडा बाहेर काढते.

यावर आमच्याकडच्या एका सूनबाईंचं म्हणणं मला सिनेमावरच्या सगळ्या कौतुकापेक्षा मोलाचं वाटलं. सासूबाईंना भीमसेनांचे अभंग रोज लावतात, त्या मान हालवतात, ओळीही म्हणतात, पण सुनेला ओळखत नाहीत. सिनेमा बघून मुलीनं विचारलं, ‘आपण नीट गात नाही का म्हणून आजी ओळखत नाही?’

तेव्हा मुलांना आधीच सांगा. जुनी गाणी अशा आजारातही बराच काळ टिकून राहतात, ही गोष्ट खरी आहे. गाणं ऐकून चेहरा खुलतो, हेही खरं. पण गाणं म्हटलं की आठवण परत येते आणि टिकून राहते, असं होत नाही. आजीनं नाव घेतलं नाही तर त्यात कुणाचं गाणं कमी पडलेलं नसतं. सिनेमानं इथं थोडी सोय बघितली आहे, आणि कथेत ती मी माफ करते.

फोटो नसेल तर माणूस मेल्यावरही अडकून पडतो, हा कसला नियम?

हा प्रश्न आमच्या गटातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनं विचारला होता, शब्द माझे आहेत. तिनं विचारलं होतं, ‘पणजीचा फोटोच नाहीये, मग?’ हॉलमधल्या कुठल्याच मोठ्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं.

सिनेमातला नियम असा: वर्षातून एका रात्री पूर्वजांना घरी येता येतं, पण घरच्यांनी फोटो मांडला असेल तरच. मृतांच्या आणि जिवंतांच्या जगांना जोडणाऱ्या पुलाच्या तोंडाशी चक्क इमिग्रेशनसारखे काउंटर आहेत, चेहरा यंत्राखाली धरायचा, कुणाच्या घरी फोटो लागलाय का ते तपासणार. मेल्यावरही रांग आणि कागदपत्रं चुकत नाहीत म्हणून पुणेकर इथं मनापासून हसतात. हेक्टर मेक्सिकोची नावाजलेली चित्रकार फ्रिडा काहलो हिचं सोंग घेऊन निसटू बघतो आणि पकडला जातो. आणि ज्याला आठवणारं शेवटचं माणूस गेलं, तो दुसऱ्यांदा मरतो, कायमचा. त्या जगात नावाजलेले मनोऱ्यात राहतात आणि विसरलेले खाली पाण्याकाठी फळकुटांच्या झोपड्यांत.

आता आपल्या घरांचा विचार करा. जुन्या घरांमध्ये भिंतीवर पगडीवाले, टोपीवाले आजे-पणजे असतात. त्यांच्या बायकांचे फोटो किती? असलाच तर एखादा ग्रुप फोटो, कडेला पदर ओढून उभी असलेली अस्पष्ट बाई, आणि तीही नक्की तीच का यावर वाद. स्टुडिओत जाऊन फोटो काढणं परवडायचं कुणाला, हा तर पुढचाच प्रश्न. सिनेमाच्या नियमानं या सगळ्या बायका आणि सगळे गरीब पुलाच्या पलीकडेच राहणार. सिनेमाला ही विषमता दिसते, तो ती दाखवतोही, पण शेवटी सुटका होते ती आपल्या नायकाच्या माणसाची. झोपड्यांतल्या बाकीच्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. माझ्या मते सिनेमाचा हा सगळ्यात कच्चा दुवा आहे.

त्या मुलीला उत्तर मिळालं ते झेंडूवाल्या आजोबांकडून. ते म्हणाले, आपल्याकडे फोटो लागत नाही, नाव आणि गोत्र लागतं. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. आणि तर्पणात शेवटी ज्यांना आई नाही, बाप नाही, नातलग नाही, अशांच्या नावानंही पाणी सोडतात. मुलीनं लगेच विचारलं, ‘नाव पण माहीत नसलेल्यांना?’ आजोबा म्हणाले, ‘त्यांनाही.’ सिनेमापेक्षा ही तरतूद मला जास्त माणुसकीची वाटते. पुरोहिताचं सगळंच पटतं असं नाही, पण हे पटलं.

खलनायक कोण ते आधीच कळतं, अशी तक्रार वाचली.

(गुपित फुटतं.) कळतं, मोठ्यांना. ज्याचे पुतळे उभे आहेत आणि जो स्वतःवर इतका खूश आहे, तो माणूस साळसूद असणार नाही, हे चार सिनेमे बघितलेल्याला लगेच जाणवतं. हवाहवासा वाटणारा माणूस मध्येच दुष्ट निघणं ही या काळातल्या अमेरिकी ॲनिमेशनपटांची सवयच झाली होती. पण मुलांना ते अजिबात कळत नाही. मित्रानं मित्राला विष देऊन त्याची गाणी आपल्या नावावर खपवली, हे उघड होतं तेव्हा मुलं खरंच चिडतात. गाणी चोरण्याचा राग त्यांना विषापेक्षा जास्त आला, हे मला गमतीचं वाटलं.

अमेरिकी कंपनीनं दुसऱ्यांच्या सणाचा धंदा केलाय, असंही म्हणतात.

म्हणतात, आणि त्याला कारण घडलं होतं. २०१३ मध्ये पिक्सारची मालक कंपनी डिस्नेनं त्या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क मिळवण्यासाठी अर्ज केला. उद्या कुणी ‘दिवाळी’ शब्दावर हक्क सांगितला तर आपण जे करू तेच तिकडच्या लोकांनी केलं. गदारोळ झाला आणि अर्ज मागे घेतला गेला. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकारानं तेव्हा डिस्नेवर बोचरं चित्र काढलं होतं. पुढं त्यालाच सिनेमासाठी सल्लागार म्हणून घेतलं.

शेवटी निकाल लावला तो मेक्सिकोतल्या प्रेक्षकांनी. अमेरिकेच्या आधी हा सिनेमा तिथं लागला, आणि तोवर त्या देशात सर्वाधिक कमाई केलेला सिनेमा ठरला. आपल्या घरच्या सणाची नक्कल जमली नसती तर त्यांनी तिकिटं काढली नसती. चीनमध्येही तो जोरात चालला. तिथंही वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडायचा दिवस असतो.

रेटिंग बघून ठरवू का?

आकडा काय मोजतो ते बघून ठरवा. ‘कोको’ला अमेरिकेत सिनेमास्कोरची ‘ए प्लस’ श्रेणी मिळाली. ही श्रेणी पहिल्या दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना विचारून ठरते. पहिल्याच दिवशी पैसे खर्चून आलेला माणूस मुळात अर्धा राजी झालेला असतो. रॉटन टोमॅटोजची टक्केवारी आणखी वेगळी: किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला त्याचं ते प्रमाण, शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. सगळ्यांना ‘ठीक’ वाटलेला सिनेमाही तिथं शंभर टक्के मिळवू शकतो. २०१८ मध्ये ‘कोको’ला सर्वोत्तम ॲनिमेशनपट आणि सर्वोत्तम गीत अशी दोन ऑस्कर मिळाली, पण तुमची पाच वर्षांची मुलगी विरून जाणाऱ्या म्हाताऱ्याला घाबरेल का, हे ऑस्कर सांगत नाही.

जुन्या प्रतिक्रियांमध्ये ‘तो हिमबाहुला आधी काढा’ असं लिहिलेलं दिसतं. ते काय?

थिएटरमध्ये ‘कोको’च्या आधी ‘फ्रोझन’ सिनेमातल्या ओलाफ या हिमबाहुल्याची एकवीस मिनिटांची फिल्म जोडली होती. लोक वैतागले, मुलं मूळ सिनेमा सुरू व्हायच्या आधीच कंटाळली, मेक्सिकोत तर ती लवकरच काढून टाकली. घरी बघणाऱ्यांना हा ताप नाही.

आजीला इंग्रजी येत नाही. अडेल का?

फारसं नाही. मूळ इंग्रजीत मध्ये मध्ये स्पॅनिश शब्द पेरलेले आहेत, ते आपल्यालाही येत नाहीत आणि काही अडत नाही. मिगेलची आजी पायातली चप्पल काढून वाजंत्र्यावर उगारते तेव्हा कुठल्याच आजीला सबटायटल्स लागत नाहीत. सुरुवातीला कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताकांमधून घराण्याचा इतिहास झरझर सांगितला जातो, तेवढा भाग कुणीतरी कानात मराठीत सांगावा, म्हणजे नाती लक्षात येतात.

सिनेमा संपल्यावर मुलांशी काय बोलायचं?

‘आवडला का?’ विचारू नका, ‘हो’ एवढंच मिळेल. ‘यातून काय शिकलास?’ तर मुळीच नको. आमच्याकडे चाललेले प्रश्न: इमेल्डाच्या जागी तू असतास तर अट घातली असतीस का? आपल्या घरातलं कुठलं गाणं कुणामुळे आलं? आपल्या भिंतीवर कुणाचा फोटो नाही? हा शेवटचा प्रश्न विचारताना तयारी ठेवा. एका घरात त्यावरून घटस्फोट घेतलेल्या आत्याची गोष्ट निघाली, जी मुलांना तोवर कुणी सांगितलीच नव्हती.

दुसरा भाग येतोय का?

हो, २०२५ मध्ये तशी घोषणा झाली आहे आणि २०२९ चं लक्ष्य सांगितलंय. आज आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर किती मोठं झालेलं असेल, आणि त्याला तुमच्यासोबत बसून बघायचा असेल का, हा हिशोब करून पहिला भाग आत्ताच बघून घ्या.

सिनेमा बघून मुलगा गिटार मागतोय. घ्यावी का?

लगेच नको. ओळखीत कुणाच्या घरी पडून असलेली असते, ती काही महिने मागून आणा. लहान हातांना पूर्ण आकाराची झेपत नाही, छोटी घ्या, आणि तारा नायलॉनच्या असू द्या, पोलादी तारांनी बोटं सोलवटतात आणि आठवड्यात हौस फिटते. मिगेलची पांढरी, कवटीची मूठ असलेली गिटारच हवी असा हट्ट असेल तर समजूत काढा. आपल्याकडे सतारी-तंबोऱ्यांसाठी मिरज तशी मेक्सिकोत गिटारींसाठी पाराचो. सिनेमा आल्यावर तिथल्या कारागिरांकडे त्या पांढऱ्या गिटारीची मागणी आली. आपल्याकडे साधी घेऊन वर ऑइल पेंटनं झेंडू काढता येतील. आमच्या गटातल्या एकीनं काढलेत, आवाजात काही फरक पडलेला नाही.